शुभेच्छुक, एक नग

वारंगा फाट्यावर जळबाचं फ्लेक्सचं दुकान आहे. फाट्यावरून नांदेडला जा, हिंगोलीला जा नाहीतर हदगावला, जळबाने छापलेला कुणाचा तरी वाढदिवस ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मधोमध सत्कारमूर्ती, हात जोडलेला किंवा मोबाइल कानाला लावलेला. वर नेते, उतरत्या आकाराने. आणि खाली शुभेच्छुक. शुभेच्छुक हा या धंद्याचा कणा. आठ बाय दहाच्या बोर्डात चाळीस बसतात, जरा दाबले तर बेचाळीस. एखाद्याचा फोटो शेजारच्यापेक्षा सुतभर लहान पडला तर गावात दोन गट पडतात, म्हणून जळबा मोजून-मापून शुभेच्छुक कापतो. बोर्डावर रिकामी जागा उरलेली गिऱ्हाइकाला सोसत नाही. तिथे जळबा गुलाब टाकतो.

अशा या जळबाला, वय एक्कावन्न, वजन चव्वेचाळीस, दिवाळीनंतर एक नाव हवं होतं. एकच.

नाव मागत होती ऐश्वर्या. ती टीबीची सुपरवायझर. वय सव्वीस, स्कूटी, पाठीला सॅक, हातात टॅब. तालुक्याच्या दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली तिने दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या होत्या, मध्ये पाच फूट अंतर. दोघांच्याही तोंडाला मास्क. कोरोनाने माणसांवर जे थोडे उपकार केले त्यात हा एक, की मास्क लावलेल्या माणसाला आता कुणी 'काय झालं' म्हणून विचारत नाही.

"काका, तुमची टीबी साधी नाही. नेहमीच्या गोळ्यांना ती दाद देत नाही," ऐश्वर्या म्हणाली. "पण औषध आहे. नवीन आहे, सहा महिन्यांचं. पूर्वी हेच दीड-दोन वर्षं चालायचं. आता हे प्रश्न मला विचारायचेत. जोखमीचे घटक म्हणतात. खरं खरं सांगा."

"इचारा."

"आधी टीबी झाली होती?"

"व्हय. तीन वर्षं झाली."

"कोर्स पूर्ण केला होता?"

"केला ना," जळबा म्हणाला.

केला नव्हता. त्या गोळ्यांनी लघवी लाल-केशरी होते. दवाखान्यात तसं आधी सांगतात, घाबरू नका म्हणतात, पण फाट्यावर पुरुषांचं हे काम भिंतीकडे तोंड करून रांगेत चालतं हे दवाखान्याला कुठून माहीत असणार. शेजारच्या पंक्चरवाल्या लालसिंगने एकदा वाकून बघितलं आणि चार ड्रायव्हरांच्या देखत म्हणाला, "काय बे जळबा, शाई पिऊन राहिला का?" चौथा महिना चालू होता. खोकला थांबला होता, भूक लागत होती. दुसऱ्या दिवसापासून जळबाने गोळ्या बंद केल्या. आपण बरे झालो हे त्याचं त्यानेच ठरवलं.

ऐश्वर्याने 'पूर्ण'वर खूण केली.

"दारू?" नाही. "बाहेरगावी कामाला?" नाही. "एचआयव्हीच्या गोळ्या कधी चुकल्या?" लग्नसराईत, दोन-तीनदा, मशीन सोडून नांदेडला जाता आलं नाही म्हणून. ऐश्वर्या खुणा करत गेली. मग तिने विचारलं, "टीबीच्या पेशंटच्या निकट संपर्कात होता का?"

"निकट म्हंजे किती?"

"एकाच बंद खोलीत, बराच वेळ."

जळबा खुर्चीत जरा सरळ बसला. नऊ वर्षांत त्याला असं कुणी विचारलं नव्हतं, की तुझ्या निकट कोणी आहे का.

"व्हय," तो म्हणाला. "होतो ना. दोन तास. दर मईन्याला. सहा वर्षं."

त्याच्या आवाजात थोडी फुशारकी होती. ऐश्वर्याने टॅबमधून मान वर केली.

*

जळबाची बायको पद्माबाई नऊ वर्षांपूर्वी वारली. ती कशाने वारली हे शोधताना जळबाचंही रक्त तपासलं गेलं आणि दोघांचा निकाल सारखा आला. कुणापासून कुणाला, हे भांडण करायला दुसरी बाजू उरली नव्हती. पोरगा धम्मानंद चाकणला कंपनीत. त्याला बापाला शुगर आहे एवढंच माहीत. तो रविवारी फोन करतो आणि विचारतो, जेवले का. जळबा म्हणतो, जेवलो. मग दोघंही दुसरा काय म्हणतो याची वाट बघतात आणि फोन ठेवतात.

एचआयव्हीच्या गोळ्या हिंगोलीलाही मिळतात. पण हिंगोलीत जळबाचे बोर्ड चौकाचौकात, तिथे त्याला ओळखणारे पुष्कळ. म्हणून त्याने नांदेड धरलं आणि पत्ता दिला अर्धापूरचा. तिथेच रांगेत त्याला रामप्रसाद भेटला. शेळ्या-मेंढ्यावाला, उंच, खांद्यावर घोंगडी, बोलण्यावरून जवळा बाजार गावाकडचा वाटणारा. त्यानेही तसंच दूरचं नांदेड धरलं होतं आणि पत्ता तिसऱ्याच गावाचा दिला होता. पहिल्या दिवशी दोघांनी एकमेकांना कागदावरची गावं सांगितली आणि दोघांनाही कळलं की समोरचा खोटं बोलून राहिला आहे. मैत्रीला एवढं पुरेसं झालं.

गोळ्या घेतल्या की दोघं बसस्टँडसमोरच्या हॉटेलात जात. बाहेर बसावं तर ओळखीचं कोणी निघायचं. म्हणून आत, पडद्यामागे, 'फॅमिली रूम' लिहिलेल्या खोलीत. तिथे एरवी कॉलेजची पोरंपोरी बसत. दोन मिशीवाले बाप्ये पडद्यामागे जाताना पाहून वेटर पहिल्यांदा हसला, मग त्याने हसायचं सोडलं. खोलीला खिडकी नव्हती. पंखा होता, तो तिथलीच हवा तिथेच फिरवी. दोन चहा सांगायचे आणि रामप्रसादच्या फडक्यातली भाकरी आणि जवसाची चटणी टेबलाखालून खायची.

नियम दोन होते. फोन नंबर घ्यायचा नाही आणि आडनाव विचारायचं नाही. आडनाव कळलं की गाव कळतं, गाव कळलं की सोयरे निघतात. बाकी सगळं बोलायची मुभा होती. रामप्रसाद शेळ्यांबद्दल आणि जवळा बाजारच्या शेळीबाजाराबद्दल बोले. त्याच्याकडे एक बोकड होता, नाव कलेक्टर, कारण तो आला की बसलेले सगळे उठून उभे राहत. शेवटच्या वर्षी रामप्रसाद खोकायला लागला. "शेळीच्या केसाचं हाय," तो म्हणे. जळबा खोकायला लागला तेव्हा तो म्हणाला, "शाईच्या वासाचं हाय." दोघांनी एकमेकांचं निदान मान्य केलं.

पाच महिने झाले, रामप्रसाद आला नव्हता. त्याने आता हिंगोली धरलं असेल, असं जळबाने ठरवून टाकलं होतं. ठरवून टाकणं त्याला जमायचं.

*

"हा माणूस शोधावा लागेल काका," ऐश्वर्या म्हणाली. "गाव कुठलं त्याचं?"

"ठाऊक न्हाई."

"आडनाव?"

"न्हाई."

"मग काय माहीत आहे?"

"बोकडाचं नाव ठाऊक हाय."

ऐश्वर्याने ते लिहिलं नाही. बोकडासाठी रकाना नव्हता. ती पुढच्या रकान्यावर आली. "उपचार सहाय्यक. म्हणजे एक माणूस, जो तुम्ही रोज गोळी गिळलेली बघेल. घरातला, शेजारचा, मित्र, कोणीही. नाव सांगा."

जळबाने मास्क नाकावर उगाच नीट केला.

"नसेल तर आशाताई रोज दुकानावर येतील. त्या फाट्याच्या आशाताई तुमच्या भावकीतल्याच ना?"

भावकीतलीच होती. चुलतभावाची सून. तिने रोज सकाळी दुकानात येऊन जळबाच्या तोंडात बघणं म्हणजे फाट्यावर बारा बाय वीसचा बोर्ड लावणं. मग दुकान मोडायचं, आणि दुकान मोडल्यावर माणसाने एक्कावन्नाव्या वर्षी कुठे जायचं, हे कुठल्या फॉर्मात नव्हतं.

"न घेताच राह्यलो तर?" जळबाने विचारलं.

"तर वर्षभर, काका. तेही मी जास्त सांगतेय." ऐश्वर्याने टॅब मिटला. "आणि ही अर्धी सोडली तर पुढे औषध शोधायला मला जागा नाही. सोमवारी हिंगोलीला या. ईसीजी काढू, रक्त घेऊ, गोळ्या सुरू. येताना नाव आणा. आणि माणसांत बसाल तर उघड्यावर बसा, मास्क लावून."

तो गुरुवार होता. शुक्रवारी जळबाने दुकान उघडलं, कॉम्प्युटरचं टेबल दारात ओढलं आणि स्वतः बाहेर खुर्ची टाकून बसला. काम आलेलं होतं. कुणा युवा नेतृत्वाचा वाढदिवस, अडतीस शुभेच्छुक. जळबा एकेक चेहरा कापून बसवत गेला. निम्मे त्याच्या ओळखीचे होते. यातल्या कुणाला सांगता येईल असं बघत तो तिसऱ्या ओळीपर्यंत गेला. मग लालसिंगचा फोटो आला, तिरपा भांग पाडून काढलेला. लालसिंग वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या पोटात गोष्ट राहत नसे. ट्यूबमधली हवा शोधायला पाण्यात बुडवतात तसं त्याला बुडवायची गरज नव्हती, तो कोरड्यातच गळायचा.

अडतीस बसवून झाले तरी कोपऱ्यात जागा उरली. जळबाने गुलाब टाकला.

मग त्याने धम्मानंदला फोन केला. शुक्रवारी.

"काय झालं बाबा?" पोरगा घाबरून म्हणाला. "आज काहून फोन केला?"

"काही न्हाई. जेवला का?"

"ड्युटीवर हाय मी."

"बरं, बरं," जळबा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

उरला रामप्रसाद. त्याला सगळं माहीत होतं, त्याच्यापासून लपवायचं असं काही नव्हतं. शिवाय त्यालाही बहुधा गोळ्या लागणार होत्या. त्याने याची बघायची, याने त्याची बघायची. जळबाला ही योजना इतकी बराबर वाटली की जवळा बाजारच्या बाजाराच्या दिवशी दोन गाड्या बदलून, खिडकीला तोंड लावून, तो तिथे उतरला.

*

शेळ्यांच्या बाजारात कोणाला आडनावाशिवाय शोधणं अवघड असतं. बोकडाला नाही.

"कलेक्टर?" ग्यानोबा नावाचा एक म्हातारा दलाल हसला. "त्याला कोण ओळखत न्हाई! इकायला आणला होता एकदा, तर दोन माणसं पाडली त्यानं. रामप्रसादचा तो."

"व्हय, रामप्रसादच. कुठं भेटंल?"

"बोकड भेटंल," ग्यानोबा म्हणाला. "मालक न्हाई. पोळ्याच्या आधी गेला तो. कावीळ झालती म्हणतात. बाई एकटीच ऱ्हाते आखाड्यावर, शेतातच. बोकड घ्यायचा का तुमाला?"

जळबाला काहीतरी म्हणायला हवं होतं.

"बघतो," तो म्हणाला.

परत जायची गाडी समोरच उभी होती. जळबा तिच्यापर्यंत गेला, पायरीवर पाय ठेवला. आत गेला असता तर सोमवारी तो हिंगोलीलाही गेला नसता. हे त्याला पायरीवरच समजलं. त्याने पाय काढला. गाडीने त्याच्या अंगावर धूर सोडला आणि ती निघून गेली.

आखाडा गावापासून मैलभर. पत्र्याची खोली, पुढे काट्यांचं कुंपण, आत शेळ्या. बोरीच्या झाडाखाली एक बाई शेवग्याचा पाला तोडून टाकत होती. पंचेचाळिशीची, अंगाने काटकुळी. तिच्याजवळ एक काळा बोकड उभा होता आणि आलेल्या माणसाकडे अर्ज नामंजूर केल्यासारखा बघत होता.

"बोकड बघायला आलो," कुंपणाबाहेरूनच जळबा म्हणाला.

"इकायचा न्हाई."

"बरं."

तो तरी उभाच राहिला. बाई, म्हणजे रामप्रसादची बायको पंचफुलाबाई, त्याच्याकडे बघत राहिली. ऊन होतं, माणूस हडकलेला होता आणि धापा टाकत होता. "बसा मग. पाणी पिऊन जा," ती म्हणाली. जळबा बोरीच्या दुसऱ्या अंगाला, वारा तिच्याकडून त्याच्याकडे येईल असा लांब बसला. तिने तांब्या आणला आणि जेवणवेळ होती म्हणून हातावर भाकरीही ठेवली. सोबत ठेचा. जळबाने मास्क खाली केला, तोंड फिरवलं, एक घास खाल्ला. तीच भाकरी. मधे जाड, कडेला करपलेली.

"आज जवसाची चटणी न्हाई का?" त्याच्या तोंडून गेलं.

पंचफुलाबाईच्या हातातली फांदी थांबली.

"तुमाला काय ठाऊक मी जवसाची चटणी करते?"

जळबाने घास गिळला. खोटं बोलायची त्याला नऊ वर्षांची सवय होती, पण ती सगळी गावाच्या नावांची होती. चटणीबद्दल त्याच्याकडे काही तयार नव्हतं.

"सहा वर्षं खाल्ली, वयनी," तो म्हणाला. "नांदेडात."

ती खाली बसली. बराच वेळ ती त्याला वरपासून खालपर्यंत बघत होती, पायातल्या चपलेसकट.

"दर मईन्याला दोन भाकरी जास्त न्यायचा," ती हळू म्हणाली. "म्हणायचा, बकऱ्याच्या बाजाराला जाऊन राहिलो. सहा वर्षांत एक शेळी आणली न्हाई की इकली न्हाई. मला वाटलं नांदेडात कोणी ठेवली. त्या बाईच्या नावानं मी किती बोटं मोडली, किती शिव्या घातल्या." तिने जळबाच्या मिशीकडे बघितलं. "म्हंजे ती बाई तुमी व्हय."

"मी जळबा," जळबा म्हणाला. दुसरं काय म्हणणार.

पंचफुलाबाई हसली. आधी नाकातून, मग पदर तोंडाला लावून, मग ते हसू राहिलं नाही. कलेक्टर तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. जळबाने भाकरी मांडीवर ठेवली आणि तो जमिनीकडे बघत बसला.

ती उठून आत गेली आणि दोन शिश्या घेऊन आली. पांढऱ्या प्लास्टिकच्या, एकसारख्या. एकीतून शेळीचे केस डोकावत होते.

"ही त्याची. गेल्यावर सापडली, शेळ्यांच्या गव्हाणीखाली. केस कोंबले होते, गोळ्या वाजू नये म्हणून."

"आणि ही?"

"ही माझी. ज्वारीच्या कणगीत होती. मी कापूस घालते."

जळबाला समजायला वेळ लागला. पंचफुलाबाईने सांगितलं तेव्हाही ती शेळीचं दूध किती निघतं ते सांगितल्यासारखं सांगत होती. सात वर्षांपूर्वी तिला ताप येत होता, तेव्हा कळलं. नवऱ्याला सांगितलं तर तो टाकेल, म्हणून सांगितलं नाही. दवाखान्यात म्हणाली, नवरा ऊसतोडीला गेलाय. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाते म्हणून निघायची. देवळाला बाहेरूनच हात जोडायची आणि तीच गाडी धरून पुढे हिंगोली. त्याला कळलं होतं त्याचं, तिला तिचं. तो नांदेडला, ती हिंगोलीला. एका पत्र्याखाली दोघं एकच गोळी घेत होते, तो गव्हाणीपाशी, ती कणगीपाशी, आणि मधल्या बारा फुटांत दोघंही एकमेकांना सांभाळून होते.

"कावीळ नव्हती ना ती?" तिने विचारलं.

"टीबीच असंल. मला बी तीच हाय. गोळ्यांना न जुमानणारी. त्यांची घेतलेली, बहुतेक." मग त्याला हे आरोपासारखं वाटलं. "न्हाईतर माझी त्यांनी. मी बी मधीच सोडल्या होत्या गोळ्या. कोणापासून कोणाला, काय सांगावं."

पंचफुलाबाई शेवग्याचा पाला एकेक पान करून तोडत राहिली.

"हिंगोलीला मला दर मईन्याला इचारायचे," ती म्हणाली. "ताप हाय का, वजन घटलं का, खोकला हाय का, घरात कोणी खोकते का. दर मईन्याला. रातभर त्याचा खोकला ऐकून मी जायची आणि तिथं सांगायची, न्हाई. घरात कोणी खोकत न्हाई. होय म्हटलं असतं तर घरी आले असते. त्याला कळलं असतं मी कुठं जाते." पान तोडायचं थांबलं. "एक 'व्हय' म्हणायचं होतं फकस्त. बारा-तेरा येळा इचारलं मला."

जळबाला सांगायचं होतं की यात तुमचा दोष नाही. पण ते खरं आहे की नाही हे त्याला माहीत नव्हतं, आणि त्या दिवसापुरता त्याचा खोट्याचा साठा संपला होता.

"तुमी बी तपासून घ्या, वयनी," तो म्हणाला.

"तुमी काहून आले होते? बोकड तर घ्यायचा नव्हता."

जळबाने सांगितलं. रकाना, आशाताई, सोमवार. सांगताना त्याला लाज वाटली, मेलेल्या माणसाकडे सही मागायला आल्यासारखी.

"मला न्हाई जमणार," पंचफुलाबाई म्हणाली. "शेळ्या टाकून मी रोज फाट्यावर कशी येऊ? आन माझ्याकडं ह्यो फोन, बटनाचा. यात माणूस दिसत न्हाई."

"बरं," जळबा म्हणाला आणि उठला. भाकरी त्याने खिशात घातली. तो कुंपणापाशी पोचला तेव्हा मागून आवाज आला.

"दिसत न्हाई. ऐकू येते पण."

*

सोमवारी हिंगोलीला दवाखान्याच्या अंगणात, उघड्यावर, ऐश्वर्याने पुन्हा टॅब उघडला. पंचफुलाबाई शेजारी उभी होती. देवळाला बाहेरून हात जोडायची आज गरज नव्हती तरी तिने जोडले होते, सवयीने. आल्या आल्या तिने खिडकीवर न विचारता सांगितलं होतं, "घरात खोकणारा होता." तिचा बेडका तपासायला गेला, छातीचा फोटो काढला. दोन्ही साफ निघाले. तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं.

"फोनवरून?" ऐश्वर्या म्हणाली. "व्हिडिओ चालतो काका. नुसत्या आवाजाचं कुठं काही लिहिलेलं नाही." तिने थोडा विचार केला. "म्हणजे मनाई पण नाही. दर आठवड्याला गोळ्या मी स्वतः मोजणार. नातं काय लिहू?"

टॅबवर यादी उघडली. पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, शेजारी, इतर. जळबाने ती सवयीने खालपर्यंत वाचली. शुभेच्छुक त्यात नव्हतं.

"इतर," ऐश्वर्याने स्वतःच टाकलं.

"मॅडम," जळबा म्हणाला, "मागच्या टायमाला कोर्स पूर्ण नव्हता केला. चौथ्या मईन्यात सोडला."

"माहीत आहे."

"कसं?"

"पूर्ण केलेला माणूस 'केला ना' म्हणत नाही. कागद काढून दाखवतो." तिने खूण बदलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता जळबाचा फोन वाजला. त्याने शटर आतून अर्धं ओढलं.

"घेतली?"

"घेऊन राहिलो." त्याने फोन गळ्याशी धरला, गोळ्या टाकल्या, तांब्या लावला. घोट जाताना आवाज झाला.

"आता बोला," पंचफुलाबाई म्हणाली.

"काय बोलू?"

"कायबी. तोंडात गोळी धरून माणसाला नीट बोलता येत न्हाई. शेळीला औषध पाजून मी तिला ओरडू देते, तसं."

जळबाने विचार केला. नऊ वर्षांत सकाळी आठला बोलायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. "आज ढग हायेत," तो म्हणाला.

"ढग मला दिसतेत. त्यांचं सांगा कायतरी. तिथं बसून काय बोलायचा तो? माझ्याशी तर दिवसातून चार शब्द."

मग जळबाने सांगितलं, की रामप्रसाद एकदा म्हणाला होता, पाऊस येणार असला की कलेक्टर चारा खायचा थांबतो, हवामान खात्यापेक्षा बरा आहे. पलीकडून शेळ्यांपुढे चारा टाकल्याची सळसळ आली. मग ती म्हणाली, "गेली गोळी. आता माझी ऐका." एक घोट ऐकू आला आणि शेळ्यांचा गलका.

सहा महिन्यांचे एकशे ऐंशी दिवस होतात. गोळ्यांनी तोंडाला धातूची चव यायची, तळपायाला मुंग्या यायच्या, दोनदा रक्त कमी झालं म्हणून एक गोळी कमी केली. त्याची काळजी ऐश्वर्याला होती. जळबाला काळजी वाक्यांची होती. रोज एक रामप्रसाद लागायचा. तो पडद्यामागच्या त्या खोलीतलं एकेक आठवून काढायचा: मेंढीच्या खुराबद्दल काय म्हणाला, गोड चहात पुन्हा साखर कशी मागायचा, बायकोच्या नथीवरून भांडण झालं तेव्हा कसा उगाच वेटरवर डाफरला. नथीचं सांगितलं त्या दिवशी पंचफुलाबाई म्हणाली, "चूक माझी होती," आणि तिने स्वतःची गोळी घ्यायला उशीर लावला.

फाट्यावर कोणाला काही कळलं नाही. लालसिंगने एकदा विचारलं, "रोज सकाळी शटर लावून कोणाशी बोलून राहिला बे? या वयात?" जळबा लाजला. लाजल्यामुळे लालसिंगची खात्री पटली, आणि त्याने ते सगळ्या फाट्याला सांगितलं. ही अफवा जळबाने खोडली नाही. ती पांघरायला बरी होती.

एकशे सव्विसाव्या दिवशी रामप्रसाद संपला. जळबा पहाटेच उठून आठवत होता, पण जे आठवे ते सांगून झालेलं होतं. एखादं बनवून सांगावं असंही त्याच्या मनात आलं. दोन वाक्यं त्याने जुळवूनही पाहिली. रामप्रसादच्या तोंडी ती बसेनात.

आठ वाजता फोन आला. त्याने गोळ्या घेतल्या, पाणी प्यायला.

"बोला," पंचफुलाबाई म्हणाली.

अर्ध्या शटरखालून रस्ता दिसत होता, त्यावरून टायर जात होते, वरच्या गाड्या दिसत नव्हत्या.

"भाऊ? तोंडात धरली का काय?"

"न्हाई, न्हाई."

"मग बोला की."

"पद्मा," जळबा म्हणाला आणि थांबला. हे नाव या दुकानात मोठ्याने उच्चारलं जाऊन किती वर्षं झाली ते त्याला सांगता आलं नसतं. "माझी बायको. ती लई जोरात हसायची. बस थांबायची तिच्या हसण्यानं, डायवरला वाटायचं कोणी हाक मारली."

पलीकडून थोडा वेळ नुसता कलेक्टर ओरडत होता.

"बराबर," पंचफुलाबाई म्हणाली. "गेली गोळी. आता माझी ऐका."